सामान कोणी बांधलं

नायफ रोडच्या मागे, टायपिंग सेंटरात
बाई विचारते, देश कुठला?
गिनी-बिसाव, म्हणतो मी.
तिचं बोट यादीत खाली जातं, पुन्हा वर येतं,
मग सापडतो. नकाशावर एवढासा,
खाड्यांनी कुरतडलेला.

पासपोर्ट निदान सहा महिने शाबूत हवा.
शाबूत आहे. तो शेठच्या तिजोरीत असतो,
माझ्यापेक्षा जास्त थंड हवा खातो.
आज सही करून बाहेर काढला
तेव्हा फोटोतल्या दत्ताराम आरोसकराने
मला ओळखायला जरा वेळ लावला.

पीतज्वराची लस निघण्याआधी दहा दिवस.
दंड अजून ठणकतोय.
पिवळं कार्ड पासपोर्टला रबरानं बांधायचं,
ते नसेल तर दारातूनच माघारी.
हिवतापाच्या गोळ्या जेवणावर.
बोटांचे ठसे मात्र यंत्राला मिळेनात,
अंगठा पुसला, तेल लावलं, पुन्हा दाबला.
मी काजू पारखतो, बाई. पोत्यात नळी खुपसायची,
मूठभर काढायचे, कातरून बघायचे
गर किती, पोचट किती, कुजका किती.
बावीस वर्षं टरफलाचा डिंक लागून
कातडीवरच्या रेघा गेल्या त्या गेल्या.

तिनं सूचनांचा कागद दिला.
रात्री एकट्यानं फिरू नये.
गर्दी जमली की तिथून निघावं.
सैनिकांचे, पुलांचे फोटो काढू नयेत.
पैसे दोन खिशांत वाटून ठेवावेत.
मला हसू आलं. वेंगुर्ल्याच्या स्टँडवर
थोरल्या मामानं हेच सगळं सांगितलं होतं
दुबईबद्दल,
फक्त पुलांचं सोडून.

गोदामाच्या दारावर रात्रपाळीला ब्राइमा असतो.
तो तिथलाच, हे मला तिकीट निघाल्यावर कळलं.
तीन वर्षं आम्ही त्याला आफ्रिका म्हणून हाक मारत होतो
आणि तो ओ देत होता.

तुझ्याकडे काजूला काय म्हणतात रे?
काजू.
वाटलं, माझंच ऐकून म्हणतोय. पुन्हा विचारलं.
काजूच, तो म्हणाला.
आणि चावी? चाबी. साबण? साबों.
जनेल म्हणालो तर त्यानं खिडकीकडेच बोट केलं.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं,
आम्ही पायरीवर बसून शब्द काढत गेलो एकेक,
एकच पाहुणा दोन घरी राहून गेलेला,
दोन्हीकडे जाताना वस्तू विसरलेला,
आणि त्यानं नेलेल्यांची यादी कोणीच केली नाही.

कागदावर नाही ते ब्राइमानं सांगितलं.
तिथं भाव शेवटी विचार.
आधी घरची माणसं कशी आहेत, झोप लागली का,
गुरं, पाऊस, मग पुन्हा घरची माणसं.
थेट पोत्याला हात घातलास तर
तुला चोर समजतील, आणि बरोबरच समजतील.

कागदाची शेवटची ओळ:
दुसऱ्याचं सामान नेऊ नये.

निघायच्या आदल्या रात्री त्यानं चष्म्याची डबी आणली.
आईसाठी. तांदूळ निवडायला बसते, खडे दिसत नाहीत.
मी काही बोललो नाही,
पण नजरेतून गेलं असावं काहीतरी,
त्यानं स्वतःच डबी उघडली, चष्मा काढून दिला,
पुसायचं फडकंसुद्धा झटकून दाखवलं.
मला लाज वाटली.
तरीही मी अस्तराखाली नख घालून पाहिलं.
तो तेवढा वेळ रस्त्याकडे बघत राहिला.

मग चष्मा मी डोळ्यांवर चढवून बघितला.
समोरच्या इमारतीचे दिवे विरघळले,
ब्राइमाचा चेहरा नुसता काळोख झाला,
आणि हातातल्या कागदावरची बारीक अक्षरं
मामाच्या आवाजाएवढी मोठी.

उद्या काउंटरवर विचारतील,
सामान तुम्ही स्वतः बांधलंत का?
हो म्हणेन.
डबी तर मीच मिटली होती.